केरसुणीतल्या एकोणीस काड्या

वडगावात विणकरांच्या गल्लीत गुणाबाईला ओळखायला दोन खुणा पुरे होत्या. एक तिचं तोंड. लहानपणी देवी आल्या त्या जाताना वणांची रांगोळी काढून गेल्या होत्या. शहापूरच्या तिच्या बापाने तिच्यासाठी सात वर्षं जोडे झिजवले आणि शेवटी पोरगी दिली ती बिजवराला. दुसरी खूण गळ्यातली. काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक आणि त्यावर ठोकून उठवलेली एक बाई. डोळे दोन टिंबांचे, लुगड्याच्या निऱ्या चार रेघांच्या. ती बायाक्का, नवऱ्याची म्हणजे बसवंताची पहिली बायको.

बिजवराच्या घरात पाऊल टाकायचं तर मेलेल्या सवतीचा टाक गळ्यात घालायचा, ही आपल्याकडची रीत. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, गोडाचा घास आधी टाकाला दाखवायचा आणि मगच आपल्या तोंडात घालायचा. चुकलं तर सवत उरावर बसते म्हणे. बसलेली कुणी पाहिली नव्हती, आणि म्हणूनच सगळ्यांचा त्यावर विश्वास होता. गुणाबाईने सगळं नेमाने केलं. कांड्यांवर सूत भरताना टाक छातीवर टकटक वाजायचा. पहिले दोन महिने तिला त्याने दचकायला व्हायचं. पुढे पायांतल्या जोडव्यांसारखा तोही तिच्या अंगवळणी पडला.

बायाक्का तापाने गेली तेव्हा तिची सत्यवती दहा महिन्यांची होती. गुणाबाई घरात आली तेव्हा ती दीड वर्षाची झालेली, नाक वाहतंय, डोक्यात खवडे. तिसऱ्या दिवशी पोरीने गुणाबाईचा पदर धरला आणि ‘आई’ म्हटलं. हे ऐकून सासूने, मालुबाईने, तिथल्या तिथे फर्मान काढलं.

“ऐका रं सगळी! पोरीला कुणी काय सांगायचं न्हाय. हीच तिची आई. कुणी तोंड उघडलं तर त्याच्या तोंडात मी चूल लावीन!”

मालुबाईची जीभ म्हणजे गल्लीची कोतवाली. ज्या गल्लीत कुणाच्या घरी आमटी खारट झाली हे घरधन्याआधी शेजाऱ्याला कळायचं, त्या गल्लीने हे एक गुपित मात्र साडेतीन वर्षं दाबून ठेवलं. टाकाचं पोरीने विचारलं तर ‘देवी हाय’ म्हणायचं, असंही ठरलं. सत्यवतीने दोनदा विचारलं, दोनदा ‘देवी’ ऐकलं, आणि सोडून दिलं. निदान घरच्यांना तसं वाटलं.

गुणाबाईला स्वतःचं मूल झालं नाही. एकदा दिवस गेले होते, ते चौथ्या महिन्यात वाया गेले. त्यानंतर कूस उजवलीच नाही. जे काय होतं ते ही पोर. म्हणून तिला एकाच गोष्टीचं भय होतं. पोरीला उद्या कळेल आणि तिच्या तोंडातून ‘सावत्र’ हा शब्द निघेल. दुष्काळाला, तापाला, सासूला ती भीत नव्हती. या एका शब्दाला मात्र ती इतकी भ्यायची की ओव्यांत तो आला तरी जातं थांबवून पाणी प्यायला उठायची.

सन छत्तीसच्या पावसाळ्याअखेर सत्यवतीने एक पराक्रम केला. बसवंत चहाला उठला तेवढ्यात ती मागाच्या खड्ड्यात उतरली आणि कात्रीने ताण्याचे पन्नास-साठ धागे कचाकच कापून टाकले. “झिपऱ्या कापल्या,” असं तिने शांतपणे सांगितलं. बसवंताचे दोन दिवस गाठी मारण्यात गेले. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, “ह्या कार्टीला दुपारपतोर कुटंतरी न्हेऊन बसवा. न्हायतर मीच घर सोडतो.”

गोव्याकडच्या तीन सिस्टरांनी तेव्हा गल्लीच्या टोकाला एक घर भाड्याने घेऊन बालवर्ग काढला होता. विणकरांच्या पोरांसाठी, फुकट. मालुबाईला ते ऐकूनच घेरी आली. “पाव चारत्यात, पाणी शिंपडत्यात, पोर हिंदूची जाती आन् किरिस्तावाची येती!” पण मागापुढे धर्मही थोडा सरकून बसतो. सत्यवती बालवर्गात जाऊ लागली.

गुणाबाई पहिल्याच दिवशी खिडकीशी उभी राहून बघत राहिली आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. पाटी नाही, पेन्सिल नाही, अ नाही, आ नाही. सिस्टर फिलोमेना नावाची ठेंगणी, चष्मेवाली सिस्टर जमिनीवर मांडी घालून बसलेली, आणि वीस-बावीस पोरं रंगीत कागदाच्या पट्ट्या एकमेकींत घालतायत. एक पट्टी वरून, एक खालून. एक वरून, एक खालून.

घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली, “आवं, कागदाचं कापाड विणाय शिकवत्यात! विणकराच्या पोरीला!”

बसवंत इतका हसला की मागावरचा धोटा हातातून निसटला. पण पुढचे धक्के हसण्यावारी जाणारे नव्हते. पोर जेवायला बसली की हात जोडून डोळे मिटायची आणि आमटी निवली तरी उघडायची नाही. शेजारच्या रवळूला तिने ढकललं, तर स्वतःहून त्याच्या दारात जाऊन उभी राहिली. एके दिवशी तिच्या हातून आजीचा पानाचा डबा सांडला. ती आजीसमोर गेली आणि म्हणाली, “आज्जी, माझं चुकलं.”

मालुबाई खुळ्यासारखी बघतच राहिली. त्या घरात तीन पिढ्यांत हे वाक्य कुणी उच्चारलेलं नव्हतं. तिला ती करणीच वाटली.

खरी करणी उघडी पडली ती डिसेंबरात. दिवाळीला लक्ष्मीपूजनाची नवी केरसुणी आणायची, तिला हळदकुंकू वाहायचं आणि मग तिने वर्षभर घर झाडायचं, हे काय सांगायला नको. मोळाच्या गवताची ती जाड केरसुणी मालुबाईने स्वतः निवडून आणली होती. त्या सोमवारी सकाळी तिने झाडायला केरसुणी उचलली, तर मूठ हातात राहिली आणि निम्म्या काड्या भसकन जमिनीवर पसरल्या. कुणीतरी एकेक काडी ओढून ओढून बंध सैल केला होता. मालुबाईने मान वळवली. दाराआड सत्यवती उभी होती. हातात मोळाची एक काडी. सगळ्यांच्या देखत तिने ती कडकन मधोमध मोडली आणि दुमडून मुठीत धरली.

“काय करतीस गं भवाने?”

“सिस्टरकडं न्ह्यायची हाय. रोज एक न्हेती मी. मोडली की मुठीत बसती, दिसत न्हाय.”

मालुबाईने जो सूर लावला तो खालच्या वेशीपर्यंत गेला असावा. “लक्ष्मी न्हेली! रोज एकेक काडी करून माझ्या घरातली लक्ष्मी उचलून न्हेली त्या रांडमुंड्यांनी! बसवंता, ऊठ की रं! घर बुडालं!”

गुणाबाईला लक्ष्मीचं एवढं काही वाटलं नाही. ती हादरली ते दुसऱ्याच कारणाने. पोरीने तिच्या डोळ्यांत बघत काडी मोडली होती. नवरा-बायकोचं तुटतं तेव्हा पंचांसमोर काडीच मोडतात. नातं संपल्याची तीच खूण. पोर पाच वर्षांची, तिला यातलं काय ठाऊक? पण भ्यालेल्या माणसाला कारण लागत नाही. गुणाबाईला वाटलं, त्या सिस्टरांनीच हिला शिकवलंय. आईशी काडी मोड म्हणून. म्हणजे त्यांना कळलंय. म्हणजे पोरीलाही.

“जा,” मालुबाई ओरडली. “हितनं गेलेली एकूण एक काडी परत घिऊन ये. न्हायतर घरात पाऊल टाकू नगंस, आन् तीबी!”

गुणाबाईने पोरीचा दंड धरला आणि तिला फरफटत नेलं. गल्लीतले माग एकेक करून थांबले. बायका दारात आल्या. तिने कुणाकडे बघितलं नाही.

बालवर्गात पोरं गाणं म्हणत होती, हातांची पाखरं करून. गुणाबाई उंबऱ्यातूनच किंचाळली, “आमची लक्ष्मी परत द्या!”

गाणं थांबलं. सिस्टर फिलोमेना बिचारी गडबडली. वर्गात लक्ष्मी नावाच्या दोन पोरी होत्या, तिने आधी त्या दोघी आहेत की नाहीत तेच बघितलं. मग तिचं लक्ष सत्यवतीच्या मुठीकडे गेलं, आणि तिला उमगलं. तिने दुसऱ्या सिस्टरला सांगून सगळी पोरं मागच्या अंगणात वाळूत खेळायला धाडली. सत्यवतीलाही. जाताना पोरीने मुठीतली मोडकी काडी सिस्टरच्या हातात दिली आणि तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटली.

कोपऱ्यात मातीचा गोठा मांडला होता. गाय, गाढव, दोन मेंढ्या, निळ्या पदराची बाई, काठीवाला बाप्या. मधे लाकडी गव्हाण, आत बाळ नाही, नुसतं भाताचं पिंजर.

“बस गो बाय,” सिस्टर म्हणाली. तिचं मराठी कोकणीच्या अंगाने जायचं. “नाताळाला बाळ येणार. गव्हाण त्याला टोचू नये म्हणून पोरं गवत आणतात. पण असंच आणायचं नाही. दिवसभरात एक चांगली गोष्ट केली तर एक काडी. काय केलं ते माझ्या कानात सांगायचं आणि काडी ठेवायची. बाकीची पोरं भाताची काडी आणतात. तुमच्या घरात जनावर नाही, तर तिने केरसुणीतली आणली. ती केरसुणी तुमची लक्ष्मी, हे मला ठाऊक नव्हतं. चुकलं माझं.”

पोर घरी येऊन जे वाक्य म्हणायची ते गुणाबाईने आता इथे ऐकलं आणि तिचा आवाज निम्मा उतरला. “काड्या तेवढ्या द्या,” ती म्हणाली. “आत्ती घरात घ्यायची न्हाय.”

सिस्टर गव्हाणीपाशी बसली. पिवळ्या पिंजरात मोळाच्या करड्या काड्या लगेच दिसत होत्या. ती एकेक उचलून गुणाबाईच्या ओंजळीत ठेवत गेली. प्रत्येक काडी दुमडून मोडलेली. अठरा भरल्या. आजची एकोणिसावी तिच्या हातात होती. ती मात्र तिने दिली नाही.

“पोरं काय सांगतात ते मी कुणाला सांगत नसते,” सिस्टर म्हणाली. “पण तुझ्याकडे यायचं माझ्या मनात चार दिवस आहे. आज तूच आलीस. दुसरी पोरं रोज वेगळं सांगतात. भावाला मारलं नाही, आजीला पाणी दिलं. तुझी पोर एकोणीस दिवस एकच सांगते.”

“काय?”

“‘आज पन मी आईला विचारलं न्हाय.’”

“काय विचारलं न्हाय?”

सिस्टरने स्वतःच्या गळ्यातलं पदक बाहेर काढलं. त्यावर एक बाई होती, हात पसरून उभी.

“पावसाळा सरताना पोरांनी मला विचारलं, ही कोण. मी म्हटलं, ही आपली वरची आई. ती दिसत नाही म्हणून गळ्यात ठेवायची. तर तुझी पोर म्हणाली, माझ्या आईच्या गळ्यात पन वरची आई हाय. मला वाटलं असेल तुमची एखादी देवी. मी म्हटलं, असेल बाय. बस, एवढंच बोलले मी. मग ह्या काड्या सुरू झाल्या. चौथ्या दिवशी मी विचारलं, काय गो विचारत नाहीस तू आईला? तेव्हा म्हणाली, ती मागाखाली लपली होती आणि आजी तुला म्हणत होती, ‘टाक घासून ठेव, पोर तिचीच सांभाळतीयास.’”

गुणाबाईच्या हातातल्या काड्या खाली सांडल्या. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सासू असं बोलली होती खरी. घरात कुणी नाही असं समजून.

“तिला ठावं हाय?” ती म्हणाली. “दसऱ्यापास्नं?”

“मी तिला म्हटलं, विचार की आईला. आई सांगेल. तर काय म्हणाली ठाऊक आहे?” सिस्टरने चष्मा काढला. “‘विचारलं आन् ती व्हय म्हणाली, तर माझी आई वर हाय. मग ही कुणाची? ही जाईल की निघून.’ म्हणून विचारत नाही. रोज विचारावं वाटतं आणि रोज गप्प राहते. पाच वर्षांची पोर, बाय. आणि त्याची काडी आणते. आजचीही त्याचीच.”

गुणाबाई भिंतीला टेकली. तिला रडू आलं नाही. साडेतीन वर्षं तिने जे पोरीपासून लपवलं होतं तेच पोर तिच्यापासून लपवत होती. पोर आपल्याला सोडून जाईल या भयाने ती उभी राहायची, आणि तिच्या पदराला धरून पोरही त्याच भयाने उभी होती. ती टाक घासायची तेव्हा पोर शेजारी बसून बघायची. बघून गप्प राहायची. किती वेळा? गुणाबाईला एकेक दुपार आठवू लागली आणि प्रत्येक दुपारी ती पोर तिला आता मोठ्या बाईसारखी दिसू लागली. एवढ्याशा जिवाने एवढं कुठे ठेवलं असेल? आणि आपण एवढ्या आंधळ्या कशा? स्वतःची तिला अशी लाज वाटली की आपल्या तोंडावरचे वणसुद्धा तिला त्या क्षणी बरे वाटले.

अंगणातून पोरांचा कालवा येत होता. सिस्टरने खाली सांडलेल्या काड्या पुन्हा गोळा केल्या आणि तिच्यापुढे धरल्या. गुणाबाईने त्यांच्याकडे बघितलं आणि मान हलवली.

“ठिवा त्या. बाळाला टोचंल न्हायतर.”

परत जाताना तिने पोरीला फरफटवलं नाही. कडेवर घेतलं. पाच वर्षांची घोडी, पाय गुडघ्यापर्यंत लोंबतायत. पोर अंग चोरून बसली होती. मार मिळेल असं तिला वाटत होतं.

मालुबाई उंबऱ्यात बसली होती, समोर विस्कटलेली केरसुणी. आतून मागाचा आवाज येत होता. “काड्या कुटं हायत?” तिने विचारलं. गल्लीतल्या आठ-दहा बायका येऊन ठेपल्याच होत्या.

“ऱ्हाऊ द्या तितंच,” गुणाबाई म्हणाली. तिने पोरीला पायरीवर बसवलं आणि तिच्यासमोर उकिडवी बसली. मग तिने दोन्ही हात मानेमागे नेले आणि काळा दोरा डोक्यावरून काढला.

बायकांत एकदम ‘हाय हाय’ झाली. मालुबाई उभी राहायला गेली आणि पुन्हा बसली. “काढू नगंस! खुळी झालीस काय? सवत उरावर बसंल! आजच्या आज खाईल तुला ती!”

लग्नानंतर अंघोळीलासुद्धा तिने तो दोरा काढला नव्हता. गळा उघडा पडला तशी मानेवर गार हवा लागली, आणि तिला खरोखर वाटलं की कुणीतरी मागे उभं आहे. तरी तिने टाक पोरीच्या तळहातावर ठेवला.

“ही बायाक्का,” ती म्हणाली. “हिनं तुला जलम दिला. ताप आला आन् ती वर गेली. तू दहा म्हयन्यांची व्हतीस. ही तुझी आई हाय, सत्ये. आन् मी कुटं जात न्हाय. ऐकलंस? ही तुझी आई हाय म्हणून मी कुटंबी जात न्हाय.”

आत माग थांबला होता.

सत्यवतीने टाकावरच्या बाईच्या तोंडावरून बोट फिरवलं. दोन टिंबं, चार रेघा. गुणाबाईने दोरा आखूड केला, तो तिच्या गळ्याभोवती घेतला आणि मागे गाठ मारली.

“गुणे!” मालुबाईचा आवाज चिरकला. “सवतीचा टाक पोरीच्या गळ्यात घालतीस? ही कुटली रीत?”

“आत्ती, माझ्या गळ्यात ती सवत व्हती. पोरीच्या गळ्यात ती आई हाय.”

मालुबाईने समोरची केरसुणी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. गल्लीतल्या बायका एकमेकींकडेही बघेनात. ज्या गोष्टीवर साडेतीन वर्षं सगळ्यांनी मिळून झाकण धरलं होतं, ती भर सकाळी पायरीवर ठेवली गेली होती, आणि घर काही कोसळलं नव्हतं.

पोर मात्र अजून गप्पच होती. मान खाली घालून ती टाक बघत होती, आणि गुणाबाई तिच्याकडे बघत होती. आता तोंड उघडल्यावर ही आपल्याला काय म्हणेल? काकी? मावशी? का तो शब्द, ज्याला भिऊन आपण जातं थांबवत आलो? पोरीने मागितला असता तर त्या वेळी तिने आपला जीवही काढून दिला असता, पण तो एक शब्द तिला पोरीकडे मागता येईना. साडेतीन वर्षांत तिला एवढं एकटं कधी वाटलं नव्हतं.

सत्यवतीने मान वर केली. गळ्याशी बोट घालून दोरा ओढला.

“आई,” ती कुरकुरली, “आवळतंय की गं. ढिला कर.”

गुणाबाईने गाठीला हात घातला. डोळ्यांपुढे सगळं पाणी, बोटं ऐकेनात, गाठ सुटेना. शेवटी बसवंतालाच मागाच्या खड्ड्यातून वर यावं लागलं.